काकांच्या चित्रातले रोहित नक्की कुठे बघतायत?

सेक्टरआठ :

नमस्कार मंडळी. चित्रकला आणि पक्षी, दोन्हीतलं मला फारसं कळत नाही, पण घरात एका चित्रावरून गेले पंधरा दिवस बोलणं चाललंय आणि मला ते चित्र खरंच समजून घ्यायचंय, म्हणून हा धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे मोठे काका गेल्या श्रावणात गेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते, सगळी नोकरी तिथेच झाली, आणि राहायला ऐरोलीला. रविवारी वॉटरकलर करायचे. बाकीची चित्रं नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना देऊन टाकली, एकच स्वतःच्या घरात ठेवलं होतं, हॉलमधे टीव्हीच्या वर, बरंच उंचावर. आता काकू चुलतभावाकडे घणसोलीला राहायला जातायत, तिकडे जागा कमी, त्यामुळे काय न्यायचं काय नाही यावर रोज बोलणं होतं. भाऊ म्हणतो सीनरी आहे, रंगही उडालेत, माळ्यावर ठेवू. काकू म्हणतात हे चित्र माझ्या खोलीत लागणार.

चित्र असं आहे. साधारण अडीच फूट बाय दीड फूट, आडवं. आपली ठाण्याची खाडी. खाली उथळ पाणी आणि चिखल, डाव्या कडेला तिवरं आणि त्यांची ती चिखलातून वर आलेली काड्यांसारखी मुळं. मधे अकरा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. त्यातले दहा माना ताठ वर करून उभे आहेत, सगळे आडवे, म्हणजे आपल्याला त्यांची एकच बाजू दिसते. सात जणांची चोच डावीकडे, तिघांची उजवीकडे. अकरावा सगळ्यांच्या पुढे आणि जरा बाजूला, तो राखाडी आहे, मान खाली, चोच पाण्यात. मागे उजव्या बाजूला छोट्या पक्ष्यांचा थवा उडतोय. अगदी मागे पुलाचे खांब आणि उजवीकडे फिकट निळे डोंगर. खाली सही आहे, तारीख नाही.

काकूंचं म्हणणं, तो राखाडी पक्षी म्हणजे हेच, चारचौघांपासून बाजूला आणि आपल्या कामात. भाऊ म्हणतो त्यात काही अर्थबिर्थ नाही, पक्षी दिसले तसे काढले, आणि एकही पक्षी आपल्याकडे बघत नाही म्हणून ते चित्र कोरडं वाटतं. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. इतकं जसंच्या तसं काढलेलं चित्र वाचायचं कसं? त्यात अर्थ शोधायचा का, की बघून छान म्हणायचं आणि सोडून द्यायचं?

शेकाट्या :

छान धागा. मी नेरुळला राहतो, डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्यच्या मागची पाणथळ ही माझी रोजची जागा, म्हणून आधी पक्ष्यांपासून सुरुवात करतो. चोचीचा क्लोजअप टाकता येईल का? पूर्ण चोच गडद लालसर-काळपट असेल तर तो छोटा रोहित, लेसर फ्लेमिंगो. चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा रोहित. आणि राखाडी आहे तो वेगळा पक्षी नाही, ते त्यांचंच लहान पोर आहे. रोहित जन्मतः गुलाबी नसतात, खाण्यातल्या शेवाळातून कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं अंगात जातात आणि मग पिसांना रंग चढतो, पूर्ण गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे काकूंना सांगा की तो म्हातारा नाही, वयाने सगळ्यात लहान तोच आहे.

सेक्टरआठ :

क्लोजअप टाकलाय. चोच गडदच आहे. आणि अजून एक दिसलं, त्या पिल्लाच्या चोचीभोवती पाण्यात बारीक बारीक गोल तरंग काढलेत, भिंगाने बघितल्यावर कळलं, टीव्हीच्या वर टांगलेलं असताना कधीच दिसले नव्हते.

शेकाट्या :

मग छोटा रोहितच. आणि त्या तरंगांमुळे काकांबद्दलचा आदर वाढला. हा पक्षी डोकं उलटं करून खातो, वरची चोच खाली जाते, जीभ पंपासारखी मागेपुढे होते आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक झालरीतून पाणी गाळलं जातं. मोठा रोहित चोच खोल चिखलापर्यंत घालतो, छोटा मात्र पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळून घेतो, म्हणजे त्याची चोच जेमतेम पाण्यात असते आणि तरंग उठतात ते असे पृष्ठभागावरच. लांबून बघणाऱ्याला हे दिसत नाही. तुमचे काका खूप वेळ आणि खूप जवळून बघत बसलेले असणार.

अस्मानी :

चित्र सुंदर आहे यात वाद नाही पण मला हे फोटोवरून केलेलं वाटतं. इतकं डिटेल डोळ्याने बघून लक्षात राहत नाही. आणि फोटोवरून असेल तर अर्थ शोधण्यात फार दम नाही, कॅमेऱ्याने जे पकडलं ते त्यांनी रंगवलं. (हे कमी लेखण्यासाठी म्हणत नाहीये, मीही फोटोवरूनच पेंटिंग करते.)

रेघोट्या :

अस्मानी, मला तसं वाटत नाही, का ते सांगते. मी ठाण्याला मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेते, रोज फोटोवरून केलेली चित्रं बघते. लांबचे पक्षी साध्या कॅमेऱ्यात ठिपक्याएवढे येतात, मोठे हवे असतील तर टेली लेन्स लागते, आणि टेली लेन्सने मागचं सगळं पुढे ओढल्यासारखं होतं, पूल पक्ष्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. इथे पूल खूप मागे, धूसर आणि लहान आहे आणि पक्षी तरी मोठे आहेत. ही डोळ्याने बघितलेली जागा आहे.

आता माझं वाचन. दहा उभ्या रेघा आणि एक वाकलेली, आपली नजर आपोआप वाकलेलीवर जाते, हे काकांनी ठरवून केलंय. दुसरं, भाऊ म्हणतात ते बरोबर आहे पण मी त्याचा उलटा अर्थ लावेन. एकही पक्षी आपल्याकडे बघत नाही, म्हणजे बघणारा तिथे नाहीच. माणूस नसताना खाडी कशी असते ते त्यांनी काढलंय. फोटोत न मिळणारी शांतता म्हणतात ती ही.

जुनाठाणेकर :

पुलाबद्दल. हा ऐरोली-मुलुंड पूल वाटतोय. खांब दिसतायत, पण खांबांवर सलग रस्ता दिसतो का? माझ्या स्क्रीनवर डावीकडे खांबांच्या वर काहीच नाही असं वाटतंय. हा पूल १९९९ साली सुरू झाला. वर रस्ता नसेल तर चित्र त्याच्या आधीचं. आणि डोंगर उजवीकडे म्हणजे पारसिकची रांग, खाडीच्या पूर्वेला. पूर्व उजवीकडे आली म्हणजे काका पुलाच्या दक्षिणेला होते आणि उत्तरेकडे तोंड करून बघत होते. उन्हाची बाजू कुठली आहे?

सेक्टरआठ :

तुम्ही म्हणताय ते खरंय, डावीकडचे चार खांब मोकळे आहेत. आम्ही इतकी वर्षं ते धुक्यात गेलेत असं समजत होतो. ऊन उजवीकडून आहे, पक्ष्यांची उजवी कड उजळ आहे आणि सावल्या पाण्यात डावीकडे पडल्यात.

जुनाठाणेकर :

म्हणजे सकाळ. पारसिकच्या वर नुकतं ऊन आलेलं. घणसोलीला न्याल तेव्हा काचेच्या आत बुरशी धरली नाही ना तेवढं बघा, खाडीकाठच्या घरांत चित्रांना तो त्रास फार असतो.

शेकाट्या :

रेघोट्याताई, तुमच्या एका मुद्द्यावर मला जरा अडकायचंय. "एकही पक्षी आपल्याकडे बघत नाही" हे माणसाच्या हिशोबाने बरोबर आहे, पक्ष्याच्या हिशोबाने नाही. आपले डोळे समोर आहेत म्हणून आपण तोंड वळवून बघतो. रोहितचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. लांबची गोष्ट नीट निरखायची असेल तर बरेचसे पक्षी तिच्याकडे चोच करत नाहीत, बाजू करतात आणि एका डोळ्याने बघतात. गावाकडे कोंबडी बघितली असेल तर आठवेल, वर घार फिरायला लागली की ती मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावते. किंवा खिडकीवरचा कावळा, तुम्ही पोळी घेऊन आलात की आधी आडवा होतो.

म्हणजे जो पक्षी चित्रात आपल्याला पूर्ण आडवा दिसतो त्याचा एक डोळा थेट आपल्यावर असतो. आता परत मोजा. सात डावीकडे आडवे, तीन उजवीकडे आडवे. डावीकडे काही धोका असता तर ते तिघे त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले नसते. दोन्ही बाजूंनी आडवं होण्यात समान काय आहे? फक्त आपण. माना ताठ वर, हे त्यांचं सावध होण्याचं उभं राहणं आहे, रोज बघतो मी, तलावाच्या कडेला कुणी कुत्रं घेऊन आलं की आधी अशाच माना उठतात. आणि मागचा थवा बघा, तो आपल्यापासून लांब उडत जातोय.

दहाच्या दहा पक्षी चित्र बघणाऱ्याकडे बघतायत असं माझं मत आहे. बघत नाहीये तो एकटा लहानगा.

रेघोट्या :

शेकाट्यादादा, मी हे वाचून चित्र परत उघडलं आणि पाच मिनिटं नुसती बघत बसले. मी चुकले होते. चित्र तेच आहे पण आता त्यात मी शिरलेय आणि माझ्यामुळे दहा माना वर झाल्यात. मघाशी ज्याला शांतता म्हणत होते ती शांतता नाहीये, सगळे श्वास धरून उभे आहेत. आणि नजर वाकलेल्या रेघेवर का जाते तेही आता वेगळं वाटतं, एकच जीव असा आहे ज्याला आपण आल्याचं कळलेलं नाही, किंवा कळूनही त्याला भूक मोठी आहे.

सेक्टरआठ, एक काम कराल? चित्रातलं क्षितिज कुठे आहे बघा, पाणी संपून पलीकडचा काठ सुरू होतो ती आडवी रेघ. तिथे आडवा दोरा धरा आणि तो प्रत्येक पक्ष्याला कुठे कापतो ते सांगा. पायाला, पोटाला, मानेला?

सेक्टरआठ :

आज केलं. काकूंनी शिवणाच्या डब्यातला काळा दोरा दिला, त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं. पुढच्या मोठ्या पक्ष्याला दोरा मान जिथे अंगातून निघते तिथे कापतो. मागच्या लहान दिसणाऱ्या पक्ष्यांनाही तिथेच. दहाही जणांना जवळजवळ त्याच जागी. पिल्लाच्या पाठीला दोरा वरून टेकतो.

रेघोट्या :

ड्राफ्ट्समन होते ते उगाच नाही!! पर्स्पेक्टिव्हचा साधा नियम आहे, सपाट जागेवर क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. पक्षी जवळचा असो की लांबचा, क्षितिज त्याला जिथे कापतं तेवढीच बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. काठावर उभं राहून बघितलं असतं तर क्षितिज सगळ्यांच्या डोक्याच्या वर गेलं असतं. शेकाट्यादादा, छोट्या रोहितची मान सुरू होते ती जागा पाण्यापासून किती वर असेल?

शेकाट्या :

पूर्ण मान वर केल्यावर पक्षी ऐंशी-नव्वद सेंटीमीटर. मानेचं मूळ त्याच्या खाली, पाय थोडे पाण्यात, म्हणजे दोन फुटांच्या आसपास धरा.

रेघोट्या :

पाण्यापासून दोन फुटांवर डोळे. म्हणजे काठ नाही, बंधारा नाही, पूल तर नाहीच. पाण्यावर खाली बसलेला माणूस.

चेंदणीकर :

हे होडीतून काढलेलं चित्र आहे. मी पहिल्यापासून वाचत होतो, आता राहवलं नाही म्हणून लिहितो. आम्ही चेंदणी कोळीवाड्याचे, आजोबा आणि वडील खाडीत जायचे, मी लहानपणी बरोबर असायचो, आता आमच्या बाजूला गाळ इतका भरलाय की खाडीत जाणं राहिलं नाही. छोट्या होडीत तळाच्या फळीवर बसलं की डोळे पाण्यापासून तेवढेच वर असतात.

तुम्ही सगळे पक्षी बघताय, मी मुळं बघतोय. डावीकडच्या तिवराच्या मुळांचे शेंडे फिके, कोरडे काढलेत, त्याखाली चारेक बोटं काळपट ओला पट्टा, मग पाणी. पाणी चढत असतं तर मूळ पाण्यापर्यंत कोरडं दिसलं असतं. ओला पट्टा राहतो तो पाणी उतरताना. म्हणजे सुकती लागलीय, पण लागून फार वेळ झालेला नाही. आमच्यात भरतीची वेळ काढायचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. खाडीच्या आतल्या टोकाला ती थोडी उशिरा पोचते. सकाळचं ऊन डोंगरावर आलंय आणि पाणी नुकतं उतरायला लागलंय, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, भांगाचे दिवस, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते. पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, सकाळी असं पाणी दिसणार नाही. उधाणाच्या दिवसांत तर एवढ्या उतरत्या पाण्यात चिखलाजवळ होडी कुणी उभी करत नाही, बघता बघता पाणी निघून जातं आणि होडी चिखलात बसते, मग पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. काकांबरोबर होडी धरणारा माणूस जाणता होता.

अजून एक. त्यांनी चिखल काढलाय तो बघा. शहरातला माणूस चिखल काळा किंवा तपकिरी काढतो. उतरत्या पाण्यातला चिखल सकाळच्या उन्हात चांदीसारखा दिसतो आणि त्याच्यावर निवट्यांच्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) फिरण्याच्या नागमोडी खुणा असतात. त्या खुणा आहेत चित्रात, उजव्या कोपऱ्यात सहीच्या वर. मी झूम करून बघितल्या आणि मला वडिलांची आठवण झाली.

मिहिका :

काय सुंदर चर्चा आहे. रंगांबद्दल लिहिते, कारण भाऊ रंग उडालेत म्हणतात. उडाले असतीलही थोडे, वॉटरकलर सतत उजेडात राहिला की फिका होतो, तेव्हा नव्या घरी थेट ऊन येणारी भिंत नको. पण सेक्टरआठ यांच्या क्लोजअपमधे पंखाच्या घडीतला लाल अजून चांगला गडद आहे. उडाला असता तर तोही गेला असता. मला वाटतं काकांनी अंग फिकंच ठेवलं होतं. आपल्या डोळ्यांना फोटोंची सवय झालीय, त्यात रोहित गुलाबी सरबतासारखे दिसतात. खरा थवा सकाळी बघितलात तर बराचसा पांढरटच दिसतो, आणि पंख उघडले की लाल-काळं दिसतं.

रोहितच्या गुलाबी रंगावरून चित्रकारांच्या जगात मोठा वाद झालाय. अॅबट थेयर नावाचे अमेरिकन चित्रकार होते. प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं का असतं, तर त्यामुळे उन्हाची सावली पुसली जाते आणि प्राणी सपाट, न दिसणारा होतो, हे त्यांनी १८९६ साली मांडलं आणि ते आजही मानलं जातं. पण मग ते तिथे थांबले नाहीत. १९०९ साली बापलेकांचं पुस्तक आलं, त्यात रोहित गुलाबी का तर सूर्योदय-सूर्यास्ताच्या आभाळात लपावेत म्हणून असं म्हटलं आणि तसं चित्रही काढून दाखवलं, गुलाबी आभाळापुढे गुलाबी पक्षी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी त्यावर कडाडून टीका केली. चित्र हुबेहूब असूनही खोटं असू शकतं याचं माझ्या मते हे सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे, कारण तिथे आधी सिद्धांत होता आणि पक्षी त्याच्या मापाने रंगवला. काकांचं आभाळ गुलाबी नाहीये, साधं राखी-पिवळं आहे. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं.

अस्मानी :

फोटोचा मुद्दा मी मागे घेते, क्षितिजाचा दोरा बघून पटलं. पण मग प्रश्न उरतो. हे सगळं आपण शोधतोय, वेळ, भरती, होडी, पूल, ही माहिती झाली. अर्थ कुठे आहे? पंचनामा आणि चित्र यात फरक काय?

रेघोट्या :

प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की अशा चित्रात अर्थ माहितीच्या बाहेर वेगळा ठेवलेला नसतो. पक्षी आडवा असण्याचा अर्थ कळला नसता तर मी "माणूस नसलेली खाडी" असं सुंदर वाक्य लिहून मोकळी झाले होते, आणि ते साफ चुकीचं होतं. अमेरिकन पक्षीचित्रकार ऑडुबॉनचं बघा. त्याच्या १८२७ ते १८३८ मधे निघालेल्या मोठ्या ग्रंथात ४३५ चित्रं, सगळे पक्षी खऱ्या आकाराचे, म्हणून रोहितची मान वाकवून खाली आणावी लागली, नाहीतर सव्वातीन फुटी कागदात तो मावत नव्हता. ही माहिती नसेल तर लोक म्हणणार बघा पक्षी किती नम्र झालाय. आणि तो पक्षी मारून, तारांनी चौकटीच्या फळीवर हव्या त्या पोझमधे बांधून काढायचा. त्याच्या चित्रातला पक्षी आपल्याकडे कधीच बघत नसतो कारण तो मेलेला आहे, हे एकदा कळलं की त्या देखण्या चित्रांकडे बघणं बदलतं. काकांचे पक्षी जिवंत आहेत आणि त्यांना काका दिसलेत.

मिहिका :

आपल्याकडची परंपरा वेगळी होती हे इथे सांगायला हवं. जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर, ज्याला नादिर-उल-असर, म्हणजे युगातलं आश्चर्य, ही पदवी होती. गोव्याहून १६१२ साली टर्की पक्षी दरबारात आला, बादशहाने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि चित्र काढून घेतलं, मन्सूरचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे. जिवंत पक्षी समोर ठेवून, त्याच्या मानेवरची प्रत्येक सुरकुती बघून काढलेला. जहांगीर स्वतः सारसांची जोडी पाळून ती अंडी कशी उबवते याच्या नोंदी करायचा. बघणं आणि नोंदवणं हेच तिथे कौतुक होतं. अस्मानी, मला पंचनामा हा शब्द त्यामुळे वाईट वाटत नाही, प्रेमाने केलेला पंचनामा असतो.

शेकाट्या :

एक राहिलं. मागच्या थव्यात काही पक्ष्यांच्या छातीला विटकरी रंग दिलाय, माझ्या मते गॉडविट आणि कर्ल्यू सँडपायपर. हिवाळ्यात हे सगळे राखाडी असतात. परत उत्तरेला जायच्या आधी, मार्च-एप्रिलला, त्यांना असा रंग चढतो. तेव्हा चित्र मार्च-एप्रिलचं.

सेक्टरआठ :

दोन दिवस उशीर झाला, माफ करा. काल ऐरोलीला जाऊन तुमचं सगळं काकूंना वाचून दाखवलं. कोंबडीचं ऐकून त्या लगेच हो म्हणाल्या, त्यांच्या माहेरी कोंबड्या होत्या. मग चित्र खाली काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. होडीचं वाचलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, दिव्याच्या कोळीवाड्यातला एक जण कंपनीत होता, त्याच्या होडीतून हे जायचे, दर रविवारी नाही पण पुष्कळदा. मी एकदाच गेले. संक्रांत होती, त्याच्या घरी तिळगूळ द्यायला म्हणून गेलो आणि तिथून होडीत बसलो. पक्षी दिसल्यावर मला नीट दिसेना म्हणून मी उभी राहिले, होडी हलली, आणि हे दबक्या आवाजात ओरडले, अगं बस खाली. तेवढ्यात सगळ्यांच्या माना वर.

मग त्यांनी बोट ठेवून एकेक पक्षी मोजला. दहा झाल्यावर म्हणाल्या, म्हणजे हे माझ्याकडे बघतायत होय. इतकी वर्षं मला वाटायचं तोंड फिरवून उभे आहेत.

मी म्हटलं काकू, मग तो राखाडी? त्या म्हणाल्या तो हेच. पिल्लू असलं म्हणून काय झालं. मी बोलायला लागले की हे असेच मान खाली घालून जेवत बसायचे.

शेकाट्या :

वाचून फार बरं वाटलं. फक्त प्रामाणिकपणे सांगतो, संक्रांतीला त्या छोट्या पक्ष्यांच्या छाती विटकरी नसतात. जानेवारीत ते राखाडीच असणार. एकतर काकूंच्या आठवणीत महिना सरकलाय, किंवा काकांनी माना त्या दिवशीच्या घेतल्या आणि थवा नंतर एप्रिलमधे बघितलेला घातला.

रेघोट्या :

मला दुसरं खरं वाटतं. तिळगूळ माणूस विसरत नाही. आणि इतका काटेकोर माणूस छातीचा रंग चुकणार नाही, त्याने तो थवा दुसऱ्या कुठल्या सकाळी बघून जपून ठेवला असणार. अस्मानी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित इथे आहे. पंचनामा एका दिवसाचा असतो.

अस्मानी :

हे मान्य. पण मग पिल्लूही दुसऱ्या दिवसाचं असू शकतं. होडी हलल्यावर दहा जण सावध होतात आणि अकरावा अजिबात होत नाही, हे जरा विशेष आहे. काकांनी त्याला नंतर आणून तिथे बसवलं असेल तर काकू म्हणतात ते खरं, ते स्वतःच तिथे आहेत.

चेंदणीकर :

मी मात्र अशी पोरं बघितलीत. खाताना बाजूला होडी आली तरी मान वर नाही. तेव्हा दोन्ही होऊ शकतं.

सेक्टरआठ :

मागून बघायचं ठरवलं होतं, पेन्सिलीने काही लिहिलंय का म्हणून. पण फ्रेमवाल्याने जुना कागद काढला तर चित्र फाटेल म्हणून सांगितलं, काकूही नको म्हणाल्या. बुरशी नाहीये. भाऊ आता माळ्याचं नाव काढत नाही, काल त्यानेच दोरा धरून त्याच्या मुलीला क्षितिज दाखवलं.

रेघोट्याताई, एक विचारायचं होतं. काकू खोलीत पलंगावर बसतात, खिडकीसमोरची भिंत सोडून बाजूची भिंत घेतलीय, ऊन येत नाही तिथे. चित्र किती उंचीवर लावू?

रेघोट्या :

काकूंना पलंगावर नेहमीसारखं बसवा. जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत टेपने मोजा. चित्रातलं क्षितिज बरोबर तेवढ्या उंचीवर आलं पाहिजे. उभ्या माणसाला खाली वाटेल, वाटू दे.

सेक्टरआठ :

मोजलं, तीन फूट सात इंच. खिळा भावाने ठोकला. काकू बसल्यात समोर.